अंदाजानं टाकजो

भंडाऱ्यात सकाळी दहाच्या सुमारास कुठल्याही गल्लीतून चालत जा. कुंपणाच्या अल्याड-पल्याड दोन बायका उभ्या असतात आणि त्यांच्यातला पहिला प्रश्न तब्येतीचा, पोराबाळांचा किंवा पावसाचा नसतो. "काय भाजी केली वं?" हा तो प्रश्न. परगावच्या माणसाला तो नुसता शिष्टाचार वाटतो. "वांगे" असं एका शब्दात उत्तर देऊन आपण सुटू, अशी त्याची समजूत असते.

सुटता येत नाही. वांगी काटेरी होती की गुळगुळीत, आलू टाकले का, टाकले तर आधी टाकले की मागून, तिखट घरचं की दुकानातलं, सांभार म्हणजे कोथिंबीर फोडणीत घातली की वरून, अशी उलटतपासणी होते. उत्तरं देणारी बिचारी साक्षीदारासारखी अंग चोरत जाते आणि शेवटी निकाल येतो: "बरं केलं. पण मी असती तं जवस भाजून टाकली असती."

"पण मी असती तं" हा आमच्या जिल्ह्याचा मुख्य व्यवसाय आहे. भूगोलाच्या पुस्तकात धान, तलाव, पितळेची भांडी आणि तुमसरकडचं मँगनीज एवढंच छापलेलं असतं, कारण पुस्तक लिहिणारे कधी कुंपणापाशी थांबलेले नसतात. जिल्ह्यात तालुके 7 आणि दर तालुक्यात वांग्याच्या भाजीविषयी मतं किमान तेवढीच. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा आमच्यातून वेगळा निघाला तेव्हा कचेऱ्या वाटल्या गेल्या, फायली वाटल्या गेल्या, कर्मचारी वाटले गेले. मतांची वाटणी मात्र झाली नाही. दोन्हीकडे पूर्ण संच राहिला.

सल्ला इथे फुकट मिळतो आणि न मागता मिळतो. अडचण आहे ती तो समजून घेण्याची. कृती सांगणारी प्रत्येक बाई "काही नाही, साधंच हाये" अशी सुरुवात करते. ज्या कृतीची सुरुवात अशी होते तिला पाऊण तासापेक्षा कमी वेळ लागल्याचं मी पाहिलेलं नाही. आमच्या शेजारच्या काकू अंबाडीच्या भाजीत जिल्ह्यात अव्वल. समोरच्या घरात नवीन सून आली, अमरावतीकडची, शिकलेली, नोकरी करणारी, वही-पेन घेऊन बसणारी. तिनं काकूंना भाजीची कृती विचारली. मी बाजूला पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर धरून ऐकत होतो.

"साधंच हाये," काकू म्हणाल्या. "अंबाडी निवडायची, उकळायची, पाणी फेकून द्यायचं."

"सगळं पाणी?"

"सगळं कसं फेकशील माय, मंग आंबट कशी लागंल?"

"मग किती ठेवायचं?"

"ठेवायचं थोडं."

"थोडं म्हणजे किती, काकू?"

"अंदाजानं ठेवजो. मंग कनकी टाकायची."

"कनकी किती?"

"भाजी किती हाये त्याच्यावर हाये."

"समजा, एक जुडी."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. "कोनाकडची जुडी?"

सुनेनं पेन खाली ठेवलं. तिला वाटलं, काकू टाळताहेत. मला तसं वाटत नाही, आणि हा लेख लिहिण्याचं कारणही तेच आहे. "कोणाकडची जुडी" हा प्रश्न अत्यंत शास्त्रीय आहे. बाजारात कोपऱ्यावर बसणाऱ्या मावशीची जुडी मुठीत मावत नाही आणि तिच्या पलीकडे बसणाऱ्या बाईच्या जुडीत देठच जास्त असतात. पहिल्या पावसानंतरची अंबाडी वेगळी, दसऱ्याच्या सुमाराची वेगळी. पहिली कमी आंबट, दुसरी दात आंबवणारी. कनकी म्हणजे गिरणीत धान भरडताना तुटलेला तांदूळ. तोही कोणत्या धानाचा, यावर पाणी किती पिणार ते ठरतं. एवढे सगळे प्रश्न ज्या भाजीत आहेत तिची कृती "दोन वाट्या पाणी" अशी सांगणं काकूंना सरळ खोटं बोलण्यासारखं वाटतं. अंदाज हे काकूंचं आळशी उत्तर नव्हे. त्यांच्याजवळचं सगळ्यात नेमकं माप तेच आहे.

मराठीत छापील पाककृतींची परंपरा मोठी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' 1875 सालचं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' 1910 सालचं, आणि त्यात एक हजार पाकक्रिया देण्याचा बेत होता. 1970 साली कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' आली आणि वाटी-चमच्यांच्या मापानं लाखो घरांतली लग्नं सुरळीत चालली. आमच्या घरीही 'रुचिरा' आहे. तिचा उपयोग मात्र लेखिकेला अभिप्रेत होता तसा झालेला नाही. समासात आजीच्या, आईच्या आणि बायकोच्या अक्षरात शेरे आहेत. "तेल निम्मं." "साखर कशाला?" "येवढ्या खोबऱ्याचे पैसे कोन देईल?" एका भाजीखाली आजीनं लिहिलंय, "यांना आवडत नाही." त्याच्याखाली आईनं लिहिलंय, "यांना आवडते." अक्षरं वेगळी असल्यामुळे दोन्ही 'हे' वेगळे, हे उघड आहे, नाहीतर घरात गैरसमज झाला असता. छापील कृतीलासुद्धा "पण मी असती तं" म्हटल्याशिवाय आमच्याकडची बाई पान उलटत नाही.

आता भात. इथे जरा थांबावं लागेल, कारण आमच्याकडे बाकीचं सगळं भाताबरोबर खाण्याची वस्तू आहे. दोन पोळ्या, भाजी, कोशिंबीर खाऊन झालेल्या पाहुण्याला "चला, आता जेवा" म्हणून भात वाढतात. पश्चिम महाराष्ट्रातले पाहुणे या वाक्यानं दचकतात. त्यांच्याकडे भात हा जेवण संपल्याचा निरोप असतो. आमच्याकडे तो आमंत्रण.

भाताला पाणी किती, याचं आमच्याकडे एकच अधिकृत माप आहे: तांदळावर बोट टेकवायचं आणि पहिल्या पेरापर्यंत पाणी. कुठलं बोट, हे कुणी सांगत नाही. कुणाचं बोट, हे कुणी विचारत नाही. आमच्या आजीचं बोट आणि माझ्या मेव्हण्याचं बोट यांच्यात जवळपास अर्ध्या इंचाचा फरक होता, आणि तरीही दोघांचा भात मोकळा व्हायचा. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी यावर विचार करावा. मला विचाराल तर पेर हा नुसता बहाणा आहे. पाणी ठरवतो तो डोळा, बोट आपलं साक्षीला असतं.

कारण तांदूळ एक नसतो. घरात नवा तांदूळ आला असेल तर त्याला पाणी कमी लागतं, जास्त झालं की गोळा होतो. सालभर जुना झालेला तांदूळ पाणी मागतो आणि फुलतो. उसना तांदूळ निराळा, साधा निराळा. चिन्नोर शिजत असेल तर शेजारणीला भाजी विचारायची गरजच पडत नाही, वास कुंपण ओलांडतो आणि तिकडून आवाज येतो, "पाहुणे आले का?" भंडाऱ्याच्या चिन्नोरला आता भौगोलिक मानांकन मिळालंय. नाकाला जे आधीपासून ठाऊक होतं त्यावर सरकारचा शिक्का बसला, एवढाच आमच्यापुरता फरक. पीक मात्र उशिरा येतं, उतारा कमी पडतो, म्हणून रोज खायला एचएमटी.

एचएमटीची गोष्ट जाता जाता सांगायलाच हवी. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं छोटं गाव आहे. तिथले शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना 1983 साली आपल्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या जपल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत नेल्या आणि बारीक, चवदार तांदूळ तयार झाला. व्यापाऱ्यानं त्याला तेव्हा मनगटामनगटावर असलेल्या घड्याळाचं नाव दिलं. शाळा फारशी न शिकलेल्या माणसानं नजरेच्या अंदाजानं काढलेला तांदूळ आज देशभर खाल्ला जातो, आणि खाणाऱ्यांतल्या बहुतेकांना वाटतं की तो कारखान्यात निघाला. 2018 मध्ये दादाजी गेले. आमच्या काकूंना त्यांचं नाव ठाऊक आहे. "त्यानं काय वाटीनं मोजलं होतं का?" असं त्या एकदा म्हणाल्या, आणि माझ्या मते अंदाजाच्या बाजूनं एवढा जोरदार युक्तिवाद कुणी केलेला नाही.

पोरी पुण्या-बंगळुरूला नोकरीला गेल्यापासून हे शास्त्र फोनवर आलंय. आमच्या मावसबहिणीची मुलगी हिंजवडीला असते. ती संध्याकाळी फोन करते: "आई, भात लावलाय, किती शिट्ट्या करू?" आई विचारते, "कुकर कोणता, जुना की नवीन?" "नवीन." "फोन कुकरपाशी ने." मग भंडाऱ्यातली आई हिंजवडीतल्या कुकरची वाफ कान देऊन ऐकते आणि सांगते, "आता बंद कर. पाणी जास्त झालं तुझ्याकडून." मुलगी झाकण उघडते तेव्हा खरंच पाणी जास्त झालेलं असतं. या विषयावर त्या घरातल्या संगणक अभियंता जावयाचं मत मी विचारलं नाही. तो अलीकडे जरा गप्पच असतो.

एक आरोप मात्र आमच्या बायकांवर नेहमी होतो, तो इथे नोंदवतो. कृती सांगताना त्या एक वस्तू गाळतात, असं म्हणतात. सगळं सांगितल्याप्रमाणे करा, चव येत नाही; मग दोन महिन्यांनी कळतं की त्यात चिमूटभर ओवा होता. आरोप पूर्ण खोटा नाही. पण त्याला प्रादेशिक कारण आहे. आमचं जिल्ह्याचं स्टेशन 'भंडारा रोड' भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. तुमसरचं 'तुमसर रोड' तुमसरात नाही, देव्हाडीला आहे. मुक्कामाच्या थोडं अलीकडे सोडून द्यायचं आणि पुढचं ज्यानं त्यानं बघून घ्यायचं, ही सवय रेल्वेनंच लावलीये. काकूंना मी स्वच्छ विचारलं, "तुम्ही मुद्दाम गाळता का?" त्या म्हणाल्या, "ओवा सांगायचा असते का? ओवा तं टाकतेच ना मानूस!"

खरी देवाणघेवाण बघायची असेल तर ती घरात नाही, बांधीत म्हणजे धानाच्या शेतात होते. जुलै-ऑगस्टात रोवणी लागली की गावातल्या बायका टोळीनं निघतात. दिवसभर कमरेत वाकून, पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभं राहून परे लावायचे. दुपारी धुऱ्यावर डबे उघडतात. इथे कुणी आपल्या डब्यातलं एकटीनं खात नाही. डबे मधोमध ठेवले जातात आणि हात फिरतात. भात, वरण, सुकटाची चटणी, आंब्याचं लोणचं, कुणाकडे तरोट्याची भाजी, कुणाकडे नुसतं चून. चवीचा निकाल इथे तोंडानं कमी आणि डबा किती लवकर रिकामा झाला यावरून जास्त लागतो. जिचा डबा शेवटपर्यंत तसाच राहतो तिला कुणी काही बोलत नाही, पण दुसऱ्या दिवशी ती भाजी परत येत नाही. एवढं निर्दय आणि एवढं सभ्य परीक्षण मी कुठल्याही वाङ्मयीन मासिकात वाचलेलं नाही.

तरोट्याचं इथेच कळतं. तरोटा पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेला, धुऱ्यावर, उकिरड्यापाशी, कुठेही उगवतो. कुणी पेरत नाही, कुणी विकत घेत नाही, निदान परवापर्यंत घेत नव्हतं. त्याची भाजी करायची तर पानं कोवळी असतानाच खुडायची, कांदा-लसूण-मिरचीवर परतायची, हवी तर भिजवलेली डाळ टाकायची. यावर टोळीत एकमत आहे. एकमत नाही ते झाकण ठेवायचं की नाही यावर. धुऱ्यावर एकदा या विषयावरून वाद लागला आणि तो रोवणी संपेपर्यंत चालला. झाकणवाल्या आणि बिनझाकणवाल्या अशा दोन रांगा परे लावत होत्या. शेतमालक खूश होता, कारण दोन्ही रांगांत चढाओढ लागून काम लवकर उरकलं.

आता तरोट्याला मानही मिळालाय. ऑगस्टात कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो. टेबलावर पांढरं कापड, त्यावर केना, कुरडू, घोळ, अंबाडी, वास्ते, शेवग्याची पानं, प्रत्येकापुढे पाटी, पाटीवर शास्त्रीय नाव आणि औषधी गुण. लोहयुक्त, पाचक, रक्तदाबावर गुणकारी. बचत गटाच्या बायका शिजवलेल्या भाज्या घेऊन उभ्या असतात. साहेब लोक चमच्यानं चाखतात, "उत्तम, उत्तम" म्हणतात आणि कृती विचारतात. बाई म्हणते, "काही नाही साहेब, साधंच हाये." साहेबांबरोबरचा कर्मचारी वहीत लिहून घेतो. त्याच्या वहीत पुढे काय लिहिलं गेलं असेल हे आपल्याला आता ठाऊक आहे. महोत्सव चांगलाच आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फक्त पाटी लागल्यापासून बाजारात तरोटा जुडीनं विकायला येतो आणि घासाघीस करावी लागते, हे आमच्या आजीच्या हयातीत कुणी सांगितलं असतं तर तिनं त्याच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवलं असतं.

लाखोरीला मात्र मान मिळायच्या आधी शिक्षा मिळाली. धान उभं असतानाच ओल्या बांधीत लाखोरी फेकायची, धान कापून झालं की ती त्याच ओलीवर वाढते. नांगर नाही, पाणी नाही, खर्च नाही. याला उतेरा म्हणतात. तिच्या डाळीचे वडे आमच्याकडे पोळ्याला, दिवाळीला आणि कारण नसतानाही होतात. पण या डाळीत एक विषारी घटक असतो. दुष्काळात दुसरं काही नसताना महिनोन्महिने तीच खाल्ली तर पायांना लकवा जडतो. म्हणून 1961 साली सरकारनं तिच्या विक्रीवर बंदी आणली. विक्रीवर आणली, पेरण्यावर नाही आणि घरी खाण्यावर नाही, हा कायद्यातला बारकावा आमच्या जिल्ह्यातल्या आज्यांनी वकिलाशिवाय ओळखला. डाळ गरम पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकायचं, पुन्हा धुवायची, मग वाटायची, हे त्या आधीपासून करत होत्या. शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा भिजवून पाणी फेकल्यानं तो घटक बराच कमी होतो असंच निघालं. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी लाखोरीसाठी वर्षानुवर्षं भांडले, उपोषणाला बसले. पुढे कमी विषारी घटक असलेले वाण आले, त्यांची नावं रतन आणि प्रतीक. काकूंच्या मते ही नावं डाळीची नसून जुळ्या भावांची वाटतात. एक मात्र आहे: इतर सगळ्या कृतीत "अंदाजानं" म्हणणाऱ्या काकू लाखोरीचं पाणी फेकायच्या बाबतीत अंदाज चालू देत नाहीत. "सगळं फेकजो," म्हणतात. "थोडं ठेवू का?" असं विचारणाऱ्या सुनेला त्यांनी दिलेला लुक मला अजून आठवतो.

मासोळीचा सल्ला मासोळीबरोबरच मिळतो. जिल्ह्यात माजी मालगुजारी तलाव इतके की सरकारी कागदांत त्यांना लाडानं 'मामा तलाव' म्हणतात. मामाच्या तलावातली मासोळी आणि वैनगंगेचे झिंगे घेऊन मावशी बाजारात बसते. तिच्याकडून घेताना गिऱ्हाईक कितीही अनुभवी असलं तरी मावशी सांगतेच: मरळीला कांदा कमी, लसूण जास्त, झिंगे आधी कोरडे परतायचे, पाणी सुटेल ते आटवायचं, मग तेल. तिचं मापही तिचंच. "पन्नासाचे झिंगे घेतले तं दहाचा लसूण." भाव वाढले की पन्नासात झिंगे कमी येतात आणि दहात लसूणही कमी येतो, त्यामुळे प्रमाण कायम राहतं. अर्थशास्त्र आणि पाकशास्त्र यांचा एवढा सुरळीत संसार मी दुसरीकडे पाहिला नाही.

पितळेबद्दल थोडक्यात. भंडारा पितळी भांड्यांचं गाव, आणि घराघरात पितळी गंज, कोपरं, परात आहेत. मात्र ती आता बहुतेक दिवाणखान्यात असतात आणि त्यांत भात नव्हे, प्लास्टिकची फुलं असतात. कल्हई उडालेल्या पितळेत अंबाडी, कढी, ताक असं आंबट काही ठेवलं की कळकतं, हे नव्या पिढीला सांगायची गरज उरलेली नाही, कारण नवी पिढी त्यात काही ठेवतच नाही. आजही एखादी आजी "वरनाला पितळेच्या गंजाचीच चव" असं म्हणते, घरातले सगळे मान डोलावतात आणि कुकर लावतात.

पुरुषांचं काय, असं कुणी विचारेल. पुरुषही स्वयंपाक करतात. वर्षातून 2 वेळा. हिवाळ्यात शेतात पार्टी ठरते, एखाद्या मोहाच्या झाडाखाली तीन दगडांची चूल मांडली जाते आणि कोंबडा शिजतो. बायका रोज करतात ती भाजी "साधंच हाये" असते. पुरुषांनी केलेला कोंबडा ही मोहीम असते. लाकडं कुणी आणली, मसाला कुणी वाटला (बहुधा बायकोनं, आदल्या रात्री, पाट्यावर, आणि डब्यात भरून दिला), तर्री किती आली, ढवळायला पळसाची फांदी कशी वापरली, हे पुढच्या पार्टीपर्यंत पानठेल्यावर ऐकायला मिळतं. मापांच्या बाबतीत मात्र पुरुष नेमके असतात. "बरोबर अडीच चमचे तिखट," ते छातीठोकपणे सांगतात. त्या पार्टीत चमचा नव्हता.

दिवाळी झाली की भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. हा आमच्या झाडीपट्टीचा खरा सण. प्रत्येक गाव आपला दिवस वेगळा ठरवतं, त्यामुळे पाहुण्यांना आज या गावी, परवा त्या गावी असं महिनाभर फिरता येतं. दिवसा दुकानं, पाळणे, दंडार. रात्री वडशाकडून आलेल्या मंडळीचं नाटक, ते पहाटेपर्यंत. लेकीबाळी, जावई, सोयरे सगळे येतात, आणि त्या दिवशी प्रत्येक घरी स्वयंपाक असतो तो खायला कमी आणि तपासायला जास्त. वडे, पुऱ्या, कढी, भाजी, भात. आत्या माहेरी येते, वडा मोडते, आत बघते, तोंडात टाकते, आणि थांबते. ते थांबणं जीवघेणं. वहिनीचा श्वास अडकतो. मग आत्या म्हणते, "छान झाले. डाळ जरा कमी भिजली होती का?" वहिनी हसते आणि पुढच्या आठवड्यात आत्याच्या गावच्या मंडईला न चुकता जाते. तिथे तीही वडा मोडते, तीही थांबते.

ह्यातून भांडणं होत असतील असं परक्याला वाटेल. मी पाहिलंय ते असं की नाटकाचा पडदा उघडायच्या वेळेला आत्या आणि वहिनी एकाच सतरंजीवर बसलेल्या असतात आणि तिसऱ्याच बाईच्या कढीविषयी त्यांचं पूर्ण एकमत झालेलं असतं. नाटकातला खलनायक नायिकेच्या बापाला ठार करत असताना मागच्या रांगेत कुणीतरी कुणाला सांगत असतं, "कढीला उकळी नाई फुटू द्यायची, ढवळतच राहायचं." त्या खुनापेक्षा कढी फुटण्याचं दुःख त्यांना मोठं वाटतं, आणि मला ते पटतं. खून पुढच्या गावच्या मंडईत पुन्हा होणार असतो.

समोरच्या सुनेचं पुढे काय झालं, ते सांगतो. तिनं वही बाजूला ठेवली आणि एका शनिवारी काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. काकूंनी पाणी फेकलं, ती बघत होती. काकूंनी कनकी टाकली, तिनं मूठ बघितली. तिला भाजी आली. आता तिच्या ऑफिसातली मैत्रीण तिला कृती विचारते तेव्हा ती काय सांगते, हे मी तिच्याच तोंडून ऐकलं: "काही नाही गं, एकदम सोपं आहे."

तुम्ही भंडाऱ्याला येणार असाल तर तरोटा खायचा असल्यास पावसाच्या सुरुवातीला या, शिंगाडे हवे असतील तर दिवाळीच्या आसपास, आणि कोणत्याही घरी जेवलात तर कृती लिहून मागू नका, चुलीपाशी उभं राहू द्या म्हणा. कुणी नाही म्हणणार नाही. जाताना चिन्नोर न्यायला विसरू नका. घरी गेल्यावर मात्र यंदाचा नवा आणि गेल्या सालचा जुना तांदूळ एकाच पातेल्यात मिसळू नका. नवा गोळा होतो, जुना कच्चा राहतो, आणि मग कोणतंही बोट बुडवलं तरी उपयोग होत नाही.